थर्मोकोलच्या एसीपेक्षा भंगारातला पंखा बरा

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला बहुधा दरवर्षी येतो. कोरपना, गडचांदूर, राजुरा या बाजूच्या शाळांतील मुले मोठ्या हौसेने प्रतिकृती मांडतात. ज्वालामुखी असतो, ठिबक सिंचन असते, सिमेंटच्या कारखान्याची प्रतिकृती तर आमच्या चुनखडीच्या मुलखात असायचीच. आणि आणखी एक वस्तू हमखास असते : ‘घरगुती एसी’. थर्मोकोलची पेटी, तिच्यात बर्फ, वर एक छोटा पंखा आणि पुढे प्लास्टिकच्या नळीचे तोंड. त्या तोंडापुढे हात धरला की गार वारा लागतो. पाहुणे हात धरतात, ‘वा!’ म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात.

मी त्या मुलांना एकच प्रश्न विचारतो. ‘बर्फ कोठून आणला?’

‘घरच्या फ्रिजमधून, सर.’

‘मग गारवा तुमच्या पेटीने केला की फ्रिजने?’

येथे मुले गप्प होतात. फ्रिज पाण्यातून जेवढी उष्णता काढतो तेवढी, आणि वर त्याने खाल्लेल्या विजेची उष्णता, अशी दोन्ही मिळून तो स्वयंपाकघरात सोडतो. म्हणजे या पेटीमुळे एका खोलीत जेवढा गारवा येतो त्याहून अधिक उष्णता त्याच घरात दुसरीकडे पडलेली असते. घराचा हिशेब केला तर घर तापलेच! मुलांच्या हौसेला माझा मुळीच विरोध नाही. परंतु ज्या प्रतिकृतीत काही मोजलेले नाही आणि हिशेब केलेला नाही, तिला पहिला क्रमांक देऊन आपण मुलांना विज्ञान शिकवतो की सजावट, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारावा, असे मला वाटते.

या उलट, एका मुलाने मला मागे एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न कोणत्याही प्रदर्शनात मांडलेला नव्हता. तो म्हणाला, ‘सर, शाळेच्या काचपेटीतले मासे दर मे महिन्यात मरतात. त्यावर काही करता येईल का?’ माझ्या मते हा एक प्रश्न दहा ‘घरगुती एसीं’च्या तोलाचा आहे. तो आपल्या गावचा आहे, खरा आहे, आणि त्याचे उत्तर शाळेच्याच एका कोपऱ्यात धूळ खात पडलेले आहे. आज मला त्याविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

मासे का मरतात?

चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात. सावलीतल्या बंद खोलीतही ३८ अंश सहज भरतात. अशा खोलीत ठेवलेल्या काचपेटीतील पाणी हळूहळू तापत जाते.

मासा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतो. गोड्या पाण्याचे तापमान २० अंश असेल तर हवेतील ऑक्सिजन दर लिटरला जास्तीत जास्त सुमारे ९·१ मिलिग्रॅम विरघळतो. ३० अंशांना तो सुमारे ७·६ मिलिग्रॅम उरतो आणि ३५ अंशांना सुमारे ७. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते म्हणून वायूही अधिक विरघळत असेल, असे समजू नका; वायूचे नेमके उलट आहे. त्यातच माशाचे शरीर हे भोवतालच्या पाण्याइतके तापते. शरीर तापले की त्यातील रासायनिक क्रिया वेगाने चालतात. साधारणपणे दर १० अंशांना त्यांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे पाणी तापले की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. बिचारा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. मुले समजतात त्याला भूक लागली, आणि वरून आणखी खाणे टाकतात. ते न खाल्लेले अन्न कुजते आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवते.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माशाला गाव बदलता येत नाही, पण आपल्याला मासा निवडता येतो. गोल्डफिश हा तुलनेने थंड पाण्याचा मासा आहे. कोरपन्याच्या मे महिन्यासाठी तो नव्हे. गप्पी मासा उष्णता बरीच सोसतो. आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. डासांच्या अळ्या खाण्यासाठी तो पाळतात. (मात्र तो मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा आहे, म्हणून त्याला तलावात किंवा नाल्यात सोडू नका.) आपल्या मालगुजारी तलावांतील मरळ आणि मांगूर हे मासे तर वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. तेव्हा शाळेत काचपेटी आणण्यापूर्वी कोणता मासा आणायचा याचा विचार करणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. परंतु मासे आधीच आणलेले आहेत आणि मे महिना तोंडावर आला आहे, असे धरून पुढे जाऊ.

आधी झाकण काढा

काचपेटीवर सामान्यतः एक झाकण असते. त्यात दिवा बसवलेला असतो. दिवा ट्यूबलाइटचा असेल तर त्याचा चोकही तेथेच तापत राहतो. झाकणाखाली पाण्याची वाफ कोंडते, काचेवर थेंब धरतात आणि पेटी म्हणजे एक छोटा बंद डबा होऊन बसते. म्हणून काही विकत घेण्याआधी, काही जोडण्याआधी, मोठ्या माणसाकडून वीज बंद करवून ते झाकण उतरवा आणि त्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा. जाळीमुळे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही आणि पाण्याला हवा लागेल. एवढ्यानेही फरक पडतो. किती पडतो ते तापमापीने मोजा.

आता पंखा. शाळेच्या संगणक-कक्षात कापडाखाली झाकून ठेवलेले जुने, बंद पडलेले संगणक असतात. संगणक बंद पडला तरी त्याच्या आतील पंखा बहुधा शाबूत असतो. तळहाताएवढा, चौकोनी, काळ्या प्लास्टिकचा. त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचा. तिच्यावर १२ व्होल्ट आणि, समजा, ०·१५ अँपिअर असे लिहिलेले असेल. गुणाकार करा : १·८ वॅट. हा पंखा दिवसरात्र चालवला तर सुमारे २३ दिवसांनी विजेचे एक युनिट होईल. अडॅप्टर स्वतः थोडी वीज खातो ती वेगळी धरा, तरी खर्च नगण्यच.

या पंख्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. खेळण्यातल्या मोटारीत असतात तसे घासणारे ब्रश त्याच्यात नसतात. फिरणाऱ्या भागात चुंबक असतो आणि तो कोणत्या स्थितीत आहे हे आतला एक छोटा संवेदक ओळखतो. १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने शोधलेल्या परिणामावर तो चालतो. त्या संवेदकाच्या इशाऱ्यावरून वेटोळ्यांतील प्रवाह बदलत राहतो. म्हणून खेळण्यातल्या मोटारीप्रमाणे तारा उलट जोडून हा पंखा उलटा फिरवता येत नाही. तसे केल्यास आतील मंडल बिघडण्याचाच संभव. म्हणजे ज्याला आपण भंगार म्हणतो त्याच्या पोटात बारावीच्या पुस्तकातले एक अख्खे प्रकरण दडलेले आहे.

पंखा गार करतो का?

हा पंखा जाळीच्या एका बाजूस असा बांधा की त्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा वाहील आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. बाहेरची कोरडी हवा आत ढकलावी. आतली दमट हवा पंख्यातून ओढून काढू नये, कारण ओलीने पंखा लवकर गंजतो.

आता सांगा, पाणी गार होईल ते कशाने? ‘पंख्याने’ असे म्हणाल तर मी अर्धेच गुण देईन. खोलीतली हवा ३८ अंशांची आहे. पंखा तीच ३८ अंशांची हवा पाण्यावर सोडतो. ३३ अंशांच्या पाण्यावर ३८ अंशांची हवा सोडली तर पाणी तापायला हवे! ते गार होते, कारण त्या वाऱ्यामुळे बाष्पीभवन वाढते. पाण्याच्या पृष्ठभागालगत वाफेने भरलेल्या हवेचा एक पातळ थर साचलेला असतो. पाण्यातून निसटणाऱ्या रेणूंपैकी बरेच त्या थरातून परत पाण्यात येऊन पडतात. पंखा तो थर हटवतो आणि कोरड्या हवेला जागा करून देतो, एवढेच त्याचे काम. निसटणारे रेणू अधिक वेगवान असतात. ते गेले की मागे उरलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते, म्हणजेच तापमान उतरते.

या उष्णतेला तुमच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. जुन्या पुस्तकांत सुप्त उष्णता म्हणत. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास ही कल्पना मांडली. तिच्या थोडे आधी, १७५८ मध्ये, बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी केंब्रिजमध्ये एक गमतीचा प्रयोग केला होता. तापमापीच्या फुग्याला ते ईथर लावत आणि भात्याने वारा घालत. खोलीत सुमारे १८ अंश तापमान असता पारा शून्याखाली १४ अंशांपर्यंत उतरला आणि फुग्यावर बर्फ धरला. त्यांचा भाता आणि तुमचा संगणकातला पंखा ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत. आपल्या दारातला माठ, ओसरीवरचा रांजण आणि खिडकीतला कूलर हेही त्याच घराण्यातले. कूलरच्या ताट्यांतल्या ओल्या वाळ्यातून वारा ओढून विदर्भ आपला उन्हाळा काढतो. कूलरमध्ये आपण गार झालेली हवा वापरतो आणि काचपेटीत गार झालेले पाणी, एवढाच काय तो फरक.

हिशेब करून पाहा

काचपेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि पाणी सुमारे २८ सेंटिमीटर खोल असेल तर पेटीत सुमारे ५० लिटर पाणी असते. हे पाणी १ अंशाने गार करायचे तर त्यातून ५०,००० कॅलरी उष्णता काढावी लागेल. ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी लागतात. भागाकार केला की ८६ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या पेल्याहूनही कमी पाणी उडाले की ५० लिटर पाण्यातून एक अंशाची उष्णता जाते.

हे मोजायला तराजूही नको. पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी कागदी पट्टी चिकटवा. पातळी १ मिलिमीटर उतरली म्हणजे १८० मिलिलिटर पाणी गेले, आणि त्याबरोबर सुमारे दोन अंशांची उष्णता गेली. पाणी प्रत्यक्षात दोन अंशांनी उतरलेले दिसेलच असे नाही, कारण त्याच वेळी काचेतून बाहेरची उष्णता आत येत असते. घरात पगार येतो आणि खर्चही होतो, तसेच हे. शिल्लक किती, ते तापमापी सांगते.

आता समजा, दिवसाला १ लिटर पाणी उडते आहे. म्हणजे रोज ५,८०,००० कॅलरी बाहेर गेल्या. सेकंदाच्या हिशेबात हे सुमारे २८ वॅट होतात. पंखा खातो १·८ वॅट आणि उष्णता जाते २८ वॅट! पुष्कळ विद्यार्थी येथे अडखळतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडला का? नाही. पंखा उष्णता नष्ट करत नाही. ती वाफेबरोबर पेटीतून खोलीत जाते आणि खिडकी उघडी असेल तर खोलीतून अंगणात. खरे काम हवेच्या कोरडेपणाने केले. पंख्याने फक्त दार उघडून धरले. आमच्या वैशाखातल्या कोरड्या हवेला आपण शिव्या देतो, पण माठ, कूलर आणि ही काचपेटी चालते ती तिच्याच जोरावर.

जे जमत नाही तेही सांगा

या युक्तीला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा शिकणे हा युक्तीइतकाच मोलाचा भाग आहे. तापमापीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून पंख्यापुढे धरा. पारा उतरत जातो आणि एका जागी थांबतो. त्या हवेत नुसत्या बाष्पीभवनाने पाणी याहून खाली जाणार नाही. खोलीत ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर हा ओल्या फुग्याचा आकडा सुमारे २१ येतो. म्हणजे वाव १७ अंशांचा. यातला थोडासा वाव साधला तरी माशाचे काम होते.

आता जुलै महिना घ्या. हवा ३० अंशांची, आर्द्रता ८५ टक्के. ओला फुगा सुमारे २८ दाखवील. वाव फक्त २ अंशांचा. पंखा फिरत राहील, आवाज करील, पण पाणी फारसे गार होणार नाही. तुमचा आतेभाऊ रत्नागिरीत असेल आणि मे महिन्यात तेथे ३३ अंश व ७० टक्के आर्द्रता असेल, तर त्याचा वाव ५ अंशांच्याही आतच राहील. तुम्ही त्याला पत्राने कळवलेत की ‘हा उपाय फार उत्तम आहे’, आणि त्याने करून पाहून ‘काही उपयोग नाही’ असे उत्तर धाडले, तर तुम्ही दोघेही खरे बोलत असाल. विज्ञानात ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढे सांगून भागत नाही. ‘कोठे, केव्हा आणि किती’ हेही सांगावे लागते. म्हणूनच कूलर विदर्भात रुजला आणि कोकणात रुजला नाही.

दुसरी अडचण क्षारांची. पाणी उडते, क्षार मागे राहतात. ५० लिटरच्या पेटीत रोज १ लिटर तेच पाणी वरून भरत गेलो तर ५० दिवसांत पेटीतले क्षार दुप्पट होतील. कूलरच्या ताट्यांवर पांढरे कवच धरते ते याच कारणाने. त्या कवचाचा तुकडा घेऊन त्यावर लिंबाचा रस पिळा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, आणि आमच्या भागात तो यायचाच. उपाय सोपा आहे. उडालेले पाणी भरताना शक्यतो पावसाचे साठवलेले किंवा उकळून, गाळून, थंड करून हवा खेळवलेले पाणी घ्यावे, आणि आठवड्यातून एकदा थोडे पाणी काढून नवे भरावे. काढलेले पाणी झाडांना घाला. त्यात माशांचे खतही असते.

तिसरी गोष्ट, घाई करू नये. मासा हळूहळू झालेला बदल सोसतो, एकदम झालेला सोसत नाही. तापमान चार-पाच अंशांनी उतरले की पुरे. रात्री खोली थंड होते, तेव्हा पंखा बंद ठेवावा. आणि पेटीत बर्फाचे खडे टाकण्याचा मोह तर मुळीच नको. थर्मोकोलच्या एसीची सवय तेथे माशाच्या जिवावर येईल.

खरा प्रयोग

आता तुमच्या प्रदर्शनासाठी एक प्रयोग सुचवतो. सारख्या आकाराच्या तीन बादल्या घ्या. मासे यात नकोत. तिन्हींत सारखे पाणी भरून एकाच खोलीत ठेवा आणि सर्वांचे तापमान सारखे आहे याची खात्री करा. पहिली बादली तशीच उघडी. दुसरीवर पंख्याचा वारा. तिसरीवरही पंख्याचा वारा, पण तिच्या पाण्यावर प्लास्टिकचा पातळ कागद असा पसरा की पाण्याला हवा लागणार नाही. दर अर्ध्या तासाने तिन्हींची तापमाने आणि ओल्या फुग्याचे तापमान वहीत लिहा.

तिसऱ्या बादलीचे काय होईल? प्रयोग करण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून त्याखाली सही करावी, असा माझा आग्रह आहे. उत्तर मी येथे देत नाही. वरचा मजकूर नीट वाचला असेल तर ते तुमच्या हाती आहे, आणि वहीतले आकडे पंख्याविषयी एक मोठा गैरसमज कायमचा दूर करतील. असा तक्ता, त्याचा आलेख, आणि ‘आमचा अंदाज येथे चुकला’ अशी एक प्रामाणिक ओळ, एवढे ज्या टेबलावर दिसेल त्याला मी डोळे मिटून पहिला क्रमांक देईन. चमकीचा कागद नसला तरी चालेल.

काळजीच्या चार गोष्टी

पाणी आणि वीज ही जोडी घातक आहे, म्हणून हे पाठच करा. पंखा फक्त १२ व्होल्टच्या तयार अडॅप्टरवर किंवा बॅटरीवर चालवावा. २३० व्होल्टची कोणतीही वस्तू पाण्यावर लटकवू नये. अडॅप्टर पेटीपासून दूर आणि पाण्याच्या पातळीहून उंच बसवावा, आणि तारेला मध्ये खाली झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब बटणाकडे न जाता झोलाशीच गळून पडेल. पेटीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करावीत. आणि संगणकातली पत्र्याची वीजपेटी, जिला दुरुस्ती करणारे एसएमपीएस म्हणतात, ती कधीही उघडू नये. तिच्यातील धारित्रावर ३०० व्होल्टच्या वर विद्युतभार साठलेला असतो आणि तार काढल्यावरही तो काही काळ राहतो.

वीज गेली तर? १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि तिची निम्मीच वीज वापरायची असे ठरवले, तरी हा पंखा २० तासांहून अधिक चालतो. मे महिन्यातल्या भारनियमनात ही मोठीच सोय आहे.

शिक्षकांना दोन शब्द

शेवटचे बोलणे शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी. जुन्या संगणकाला हात लावायचा म्हटले की शाळेत पहिला शब्द ऐकू येतो तो ‘डेडस्टॉक’. जडवस्तूंच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे, तेव्हा तो बंद असला तरी जागेवर दिसला पाहिजे. हे भय खोटे नाही. सरकारी वस्तूचा हिशेब हा लागतोच. परंतु निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवणे हा त्यावरचा राजमार्ग आहे. तो न पाठवता आपण वर्षानुवर्षे त्या यंत्रांना कापड पांघरून ठेवतो आणि प्रयोगासाठी साहित्य नाही म्हणून मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवतो, हे काही बरोबर नाही. निर्लेखन होईपर्यंत गावातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात विचारा. एखादा जुना पंखा बहुधा तेथे सहज मिळतो. परवानगीवाचून शाळेचे यंत्र उघडायला मात्र मुलांना सांगू नका.

पंखे काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा उकिरड्यावर जाऊ देऊ नये. तांब्यासाठी तारा जाळण्याचा प्रकार आपल्याकडे चालतो. त्या धुरात विषारी द्रव्ये असतात आणि तो आपल्याच मुलांच्या नाकात जातो. देशात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. एक पंखा वाचवून आपण हा प्रश्न सोडवत नाही, हे मी जाणतो. पण ज्या मुलाने आपल्या हाताने संगणकातला पंखा सोडवून त्याने मासा जगवला, तो मुलगा पुढे तारा जाळताना कोणी दिसला तर गप्प बसणार नाही, असा माझा विश्वास आहे.

तेव्हा मित्रांनो, परीक्षा संपल्यावर एक काम करा. एक तापमापी, एक ओली चिंधी आणि एक वही घ्या आणि शाळेच्या काचपेटीपाशी जा. पंखा नंतर पाहू. आधी रोज दुपारी दोन वाजता पाणी किती तापते ते आठ दिवस लिहा. सुटीत शाळा बंद असताना माशांकडे कोण पाहणार, हेही त्याच वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. कारण दर मे महिन्यात मासे मरतात त्याचे एक कारण उष्णता आहे, आणि दुसरे म्हणजे त्या महिन्यात तेथे कोणी नसते.